अंगावर पित्त उठतं तेव्हा: हिस्टामिनचं काम आणि गोळी घेण्याची रीत

अंगावर पित्त उठलं की घरातल्या औषधांच्या डब्यात पहिली शोधली जाते ती सेट्रिझिनची गोळी. ती घेऊन अर्धा तास होतो, गांधी तशाच असतात, म्हणून दुसरी घेतली जाते. तासाभराने दवाखाना आणि इंजेक्शन. यात गोळीचा दोष नसतो. तिच्या कामाला वेळ लागतो, आणि आधीच उठलेल्या गांधी पुसून टाकणं हे तिचं कामच नाही. ती पुढच्या गांधी अडवते. गोळी कधी घ्यायची, किती दिवस घ्यायची, कोणती टाळायची आणि कुठल्या वेळी गोळीच्या भरवशावर मुळीच राहायचं नाही, हे सगळं याच एका गोष्टीवरून ठरतं. म्हणून आधी गांधी उठवणारं हिस्टामिन हे रसायन शरीरात काय करतं ते पाहू.

हिस्टामिन कुठून येतं, कुठे जातं

डाळ, दूध, मासे, मटण यांतल्या प्रथिनांमध्ये हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल असतं. एक एन्झाइम त्यातून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं आणि हिस्टामिन तयार होतं. हा रेणू १९०७ साली प्रयोगशाळेत पहिल्यांदा बनवला गेला. १९१० मध्ये हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी प्राण्यांवरचे त्याचे परिणाम नोंदवले: रक्तदाब कोसळतो आणि श्वासनलिका आवळतात. जीवघेण्या ॲलर्जीत नेमकं हेच घडतं.

शरीरातला हिस्टामिनचा मोठा साठा मास्ट पेशींमध्ये असतो. या पेशी त्वचा, नाक, श्वासनलिका आणि आतड्याचं अस्तर अशा बाहेरच्या जगाशी संबंध येणाऱ्या जागी, लहान रक्तवाहिन्यांच्या आसपास बसलेल्या असतात. प्रत्येक पेशीत बारीक कण ठासून भरलेले असतात आणि हिस्टामिन त्यांत तयार ठेवलेलं असतं. पेशीच्या पृष्ठभागावर आयजीई जातीची प्रतिपिंडं असतात. ॲलर्जीचा पदार्थ त्यांना चिकटला की काही मिनिटांत कण फुटून हिस्टामिन बाहेर पडतं. आयजीईशिवायही पेशी फुटू शकतात. मॉर्फिन, कोडीन, वेगाने शिरेतून दिलेलं व्हँकोमायसिन, काही क्ष-किरण तपासण्यांत टोचलं जाणारं रंगद्रव्य हे थेट पेशीवरच काम करतात. त्यामुळे ‘आधी कधीच घेतलं नव्हतं, मग ॲलर्जी कशी?’ या प्रश्नाचं उत्तर कधीकधी ‘ही ॲलर्जी नाहीच, पेशी थेट उघडली’ असं असतं.

बाहेर पडलेलं हिस्टामिन त्वचेत तीन गोष्टी करतं. लहान रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून जागा लाल होते. वाहिन्यांच्या आतल्या पेशी आकसतात, त्यांच्यामध्ये फटी पडतात आणि रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, म्हणून फुगवटा येतो. तिथल्या मज्जातंतूंची टोकं चेतवली जातात, त्यामुळे खाज सुटते आणि फुगवट्याभोवती लाली पसरते. डास चावल्यावर जे दिसतं तेही हेच, फक्त लहान प्रमाणात.

मोकळं झालेलं हिस्टामिन फार वेळ टिकत नाही. रक्तात ते काही मिनिटांतच मोडलं जातं. मोडणारी एन्झाइमं दोन आहेत. पेशींच्या आत काम करणारं एक, आणि मुख्यतः आतड्यात राहून खाण्यातलं हिस्टामिन आत शिरण्याआधीच मोडणारं डायअमिन ऑक्सिडेज हे दुसरं. या दुसऱ्याचं नाव लक्षात ठेवा, बांगड्याच्या भागात ते परत लागेल.

मग रेणू मिनिटांत जात असेल तर गांध तासन्‌तास का राहते? झिरपलेलं पाणी परत शोषलं जायला वेळ लागतो, आणि शेजारच्या मास्ट पेशी एकामागून एक फुटत राहतात. मूळ रेणू गेल्यावरही त्याचा परिणाम मागे उरतो. त्या उरलेल्या पाण्यावर कोणतीही गोळी काम करत नाही.

चार रिसेप्टर, चार कामं

हिस्टामिनचा निरोप पेशीवरचे रिसेप्टर स्वीकारतात. त्यांचे चार प्रकार आहेत. एच-१ रक्तवाहिन्या, मज्जातंतू, श्वासनलिका आणि मेंदूत असतो. खाज, शिंका आणि गांधी हे त्याचं काम. जठरातल्या आम्ल सोडणाऱ्या पेशींवर एच-२ असतो. एच-३ मुख्यतः मेंदूत असतो आणि हिस्टामिन किती सोडायचं यावर लगाम ठेवतो. एच-४ रोगप्रतिकारक पेशींवर असतो.

पहिली हिस्टामिनविरोधी औषधं शोधणाऱ्या डॅनियल बोव्हे यांना १९५७ चं नोबेल मिळालं. पण त्या औषधांचा जठरातल्या आम्लावर काहीच परिणाम होत नव्हता. जठरातला रिसेप्टर वेगळा असला पाहिजे हे त्यावरून जेम्स ब्लॅक यांनी ओळखलं, सिमेटिडिन तयार झालं, आणि त्यांना १९८८ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. व्यवहारात याचा अर्थ असा: अंगावरच्या पित्ताला पँटोप्राझोल किंवा अँटासिडचा उपयोग नाही. पँटोप्राझोल तर हिस्टामिनच्या कुठल्याच रिसेप्टरवर काम करत नाही, ते आम्लाचा पंप बंद करतं. फॅमोटिडिन एच-२ अडवतं. ते जठरासाठी आहे. डॉक्टर कधीकधी जोडीला देतात, पण नुसत्या फॅमोटिडिनने खाज थांबत नाही.

एच-१ ची गोळी काय करते हे एसटीच्या गाडीवरून समजतं. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली की नंतर येणाऱ्याला बसता येत नाही. गोळी रिसेप्टरची जागा अशी धरून ठेवते आणि त्याला शांत अवस्थेत रोखते. मास्ट पेशी फुटायची थांबत नाही, हिस्टामिन नष्ट होत नाही, फक्त त्याला बसायला जागा मिळत नाही. म्हणून हिस्टामिन येण्याआधी जागा धरलेली असली पाहिजे. यापुढची रीत यावरूनच ठरते.

गोळी कशी घ्यावी

आधी गोळी निवडायची. पित्त उठलं असेल तर दुसऱ्या पिढीची, कमी झोप आणणारी गोळी घ्यावी. प्रौढांसाठी नेहमीचा रोजचा डोस असा: सेट्रिझिन १० मिग्रॅ, लेव्होसेट्रिझिन ५ मिग्रॅ, लोराटाडिन १० मिग्रॅ, डेसलोराटाडिन ५ मिग्रॅ, बिलास्टिन २० मिग्रॅ, फेक्सोफेनाडिन १८० मिग्रॅ. यांपैकी एकच, दिवसातून एकदा. दोन वेगवेगळ्या गोळ्या एकत्र घेऊन फायदा होत नाही. जागा तीच असते, झोप आणि कोरड मात्र वाढते.

कशाबरोबर घ्यायची यावरही बरंच अवलंबून आहे, आणि औषधाच्या दुकानात हे क्वचितच सांगितलं जातं. फेक्सोफेनाडिन साध्या पाण्याबरोबर घ्यावी. संत्र्याचा, सफरचंदाचा किंवा ग्रेपफ्रूटचा रस आतड्यातून गोळी आत नेणाऱ्या वाहक प्रथिनाला अडवतो, त्यामुळे औषध कमी शोषलं जातं. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिडही तेच करतं, दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. बिलास्टिन उपाशीपोटी घ्यावी: खाण्याआधी एक तास किंवा खाल्ल्यानंतर दोन तासांनी. सेट्रिझिनला अशी अट नाही. जेवणानंतर घेतली तर परिणाम थोडा उशिरा सुरू होतो, एवढंच. मात्र ती मोठ्या प्रमाणात मूत्रपिंडावाटे न बदलता बाहेर पडते. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला घटक) वाढलेलं असेल किंवा वय बरंच असेल तर डोस कमी करावा लागतो, तो डॉक्टरांनी ठरवावा.

वेळेचा अंदाज ठेवा. सेट्रिझिनचा परिणाम साधारण तासाभरात जाणवू लागतो आणि पूर्ण जोर यायला आणखी काही तास जातात. तेवढ्यात जुन्या गांधी आपोआप उतरत असतात. तासाभरात उतार पडला नाही म्हणून लगेच दुसरी घेऊ नका. आज पित्त उठलं असेल तर गोळी उद्या आणि परवाही त्याच वेळी घ्या. संसर्गानंतर उठलेलं पित्त कित्येकदा आठवडाभर, कधी त्याहूनही जास्त, येत-जात राहतं. बहुतेकांची चूक इथे होते. गांधी गेल्या की गोळी बंद, रात्री परत उठल्या की पुन्हा एक. अशाने रिसेप्टर दिवसातले कित्येक तास मोकळा राहतो आणि ‘गोळी लागू पडत नाही’ असा समज होतो.

सहा आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज पित्त उठत असेल तर ते जुनाट समजलं जातं. तिथे रोज एक गोळी ठरल्या वेळी घ्यायची, त्रास असो वा नसो. दोन ते चार आठवड्यांत आटोक्यात आलं नाही तर त्वचारोगतज्ज्ञ त्याच गोळीचा डोस चारपटीपर्यंत वाढवतात. ही वाढ आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे, पण ती स्वतःच्या मनाने करायची नाही. त्यानेही भागलं नाही तर आयजीईला बांधून ठेवणारं ओमालिझुमॅब इंजेक्शन दर चार आठवड्यांनी ३०० मिग्रॅ दिलं जातं. जुनाट पित्ताच्या बहुतेक रुग्णांत कारण बाहेरचा पदार्थ नसतो, स्वतःचीच रोगप्रतिकारक यंत्रणा मास्ट पेशींना चिथावत असते. म्हणून वांगी, दही, डाळ, अंडी एकेक बंद करत जाण्याने बहुतेकांच्या हाती फक्त अशक्तपणा येतो. महागड्या ‘शंभर पदार्थांच्या’ रक्तचाचण्यांचंही तेच. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या वेदनाशामकांनी मात्र अनेकांचं पित्त खरोखर वाढतं. डोकं किंवा गुडघा दुखला तर पॅरासिटॅमॉल बरं.

बंद करतानाही रीत आहे. सेट्रिझिन किंवा लेव्होसेट्रिझिन महिनोन्‌महिने रोज घेतलेली असेल आणि एकदम थांबवली तर काहींना काही दिवसांत सगळ्या अंगाला तीव्र खाज सुटते. २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने यावर इशारा दिला. ही खाज म्हणजे मूळ रोग परतला असं समजून लोक पुन्हा वर्षभर गोळी चालू ठेवतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने दिवसाआड, मग दोन दिवसांआड असं हळूहळू कमी करता येतं.

क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन आणि हायड्रॉक्सिझिन ही पहिल्या पिढीची औषधं. ती मेंदूत शिरतात. मेंदूत हिस्टामिन आपल्याला जागं ठेवण्याचं काम करतं, म्हणून ते अडवलं की झोप येते. क्लोरफेनिरामिन शरीरातून उतरायला इतका वेळ लागतो की रात्री घेतलेल्या गोळीची सुस्ती सकाळी दुचाकी चालवताना उरलेली असते, आणि माणसाला ती जाणवतेच असं नाही. ही औषधं ॲसिटिलकोलिन या वेगळ्या संदेशवाहकालाही अडवतात. त्यामुळे प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी तुंबते, बद्धकोष्ठ होतं, काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्यातला दाब चढतो, वयस्कर माणसं भ्रमिष्टासारखं बोलू लागतात. सर्दीच्या बहुतेक तयार गोळ्यांत यांतलं काहीतरी असतंच. पित्ताची गोळी चालू असताना सर्दीची गोळी घेण्याआधी पाकिटामागचे घटक वाचा. लहान मुलांसाठी क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचं एकत्रित सर्दीचं औषध चार वर्षांखाली देऊ नये, असं भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये सांगितलं आहे. मुलांचं कोणतंही सिरप बाटलीबरोबरच्या मापाने द्या, घरातल्या चमच्याने नाही.

गोळीच्या नावात ‘एम’ किंवा ‘माँट’ जोडलेलं असेल तर त्यात बहुधा माँटेलुकास्ट आहे. ते ल्युकोट्राइन या दुसऱ्या निरोप्याला अडवतं. साध्या पित्तासाठी ते सहसा लागत नाही, आणि काहींना त्याने दुःस्वप्नं, चिडचिड, खिन्नता येते. कशासाठी दिलंय ते विचारून घ्या.

तोवर घरी काय करावं

पेनाने एका गांधीभोवती रेघ ओढा आणि वेळ लिहा. साध्या पित्ताची एक गांध २४ तासांच्या आत खूण न ठेवता जाते, नवी दुसरीकडे उठते. रेघेच्या आतली गांध दुसऱ्या दिवशीही तिथेच असेल, खाजेपेक्षा दुखत असेल किंवा जाताना काळानिळा डाग ठेवत असेल तर तो रक्तवाहिन्यांचा दाह असू शकतो. तिथे त्वचेचा तुकडा काढून तपासावा लागतो. सगळ्यात स्वस्त आणि उपयोगी अशी ही घरगुती तपासणी आहे.

थंड पाण्याची पट्टी खाज कमी करते. मात्र थंडीनेच पित्त उठत असेल तर नाही. भिजवलेल्या आमसुलाचं पाणी लावण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. न खाजवलेल्या त्वचेवर ते थंडावा देतं, ओरखड्यांवर झोंबतं. औषध म्हणून त्यावर विसंबू नये, पण लावायला हरकत नाही. कॅलामाइनही चालतं. घोंगडी पांघरून घाम आणणं मात्र टाळा. उष्णता आणि खरखरीत घर्षण यांनी मास्ट पेशी आणखी फुटतात. गरम पाण्याची अंघोळ, घट्ट नाडी किंवा इलॅस्टिक, दारू यांनीही तेच होतं.

बोथट वस्तूने हातावर रेघ ओढून पाहा. काही मिनिटांत फुगीर रेघ उमटली तर दाब-घर्षणाने उठणारं पित्त असण्याचा संभव आहे. थंडीच्या पित्तासाठी डॉक्टर हातावर पाच मिनिटं बर्फ ठेवतात आणि काढल्यावर दहा मिनिटांनी पाहतात. हे घरी करू नका. ज्यांना असं पित्त आहे त्यांनी धबधब्यात किंवा विहिरीच्या गार पाण्यात एकट्याने उडी मारणं धोक्याचं आहे. सगळ्या अंगातून एकदम हिस्टामिन सुटून रक्तदाब पडू शकतो.

जिथे गोळी पुरत नाही

पित्ताबरोबर आवाज बसणं, जिभेला किंवा घशाला सूज, श्वास लागणं, छातीत घरघर, चक्कर, सतत उलट्या यांतलं काहीही असेल तर ते ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जीवघेणी ॲलर्जी, समजा. इथे हिस्टामिन एकटं नसतं. त्याच पेशींतून ल्युकोट्राइन, प्रोस्टाग्लँडिन आणि इतर रेणूही सुटलेले असतात, त्यांना सेट्रिझिन अडवत नाही. गोळीला तास लागतो, श्वासनलिका मिनिटांत बंद होते. इथलं औषध म्हणजे ॲड्रेनलिन. ते गळती झालेल्या वाहिन्या आवळतं, श्वासनलिका उघडतं आणि मास्ट पेशींचं फुटणंही कमी करतं.

डोस वजनावर ठरतो: दर किलोला ०.०१ मिग्रॅ, प्रौढात जास्तीत जास्त ०.५ मिग्रॅ, म्हणजे १ मिलीमध्ये १ मिग्रॅ असलेल्या ॲम्प्यूलमधलं अर्धा मिली. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यभागी, स्नायूत. त्वचेखाली नाही आणि अचानक शिरेत तर नाहीच. फरक पडला नाही तर पाच ते पंधरा मिनिटांनी पुन्हा. परदेशातल्यासारखी स्वतः टोचायची तयार पेनं भारतात सहज मिळत नाहीत, म्हणून गांधीलमाशीच्या दंशाने किंवा शेंगदाण्याने पूर्वी असा झटका आलेल्या माणसाच्या घरच्यांनी जवळच्या कोणत्या दवाखान्यात ॲड्रेनलिन कायम असतं हे आधीच विचारून ठेवावं. १०८ ला फोन करा. रुग्णाला आडवं झोपवा, पाय वर करा. श्वास लागत असेल तर टेकून बसू द्या, पण उभं करू नका, चालवत नेऊ नका. पडलेल्या रक्तदाबात एकदम उभं केल्याने हृदय थांबलेली उदाहरणं आहेत. बरं वाटलं तरी काही तास रुग्णालयात थांबा, लक्षणं दुसऱ्यांदा उसळू शकतात.

दुसरी फसगत सुजेची. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, पण खाज नाही आणि अंगावर एकही गांध नाही, तर रुग्ण रक्तदाबाची कोणती गोळी घेतो ते पाहा. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल या कुळातल्या गोळ्यांनी ब्रॅडिकायनिन हे सूज आणणारं दुसरंच रसायन साठतं. ही सूज हिस्टामिनची नाहीच, म्हणून सेट्रिझिन, फेनिरामिन किंवा स्टेरॉइड दिलं तरी ती उतरत नाही. गोळी सुरू करून वर्षं झाली असली तरी हे होऊ शकतं. लगेच रुग्णालय गाठा, आणि ती गोळी पुन्हा सुरू करू नका.

तिसरं उदाहरण सह्याद्रीत भटकणाऱ्यांसाठी. खाजकुइलीच्या शेंगेवरचे केस लागले की अंग पेटतं. त्यातलं म्युक्युनेन हे प्रथिने तोडणारं एन्झाइम खाजेच्या मज्जातंतूंना वेगळ्या रिसेप्टरमधून चेतवतं, त्यामुळे हिस्टामिनविरोधी गोळीने फारसा आराम पडत नाही. चोळू नका. चिकटपट्टी लावून उपटत केस काढा, मग भरपूर पाण्याने धुवा, आणि ते कपडे वेगळे धुवा.

बांगडा, तारली, कुपा: ताटातलं हिस्टामिन

काहींना वर्षानुवर्षं बांगडा पचतो आणि एके दिवशी तोच खाऊन चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं, छाती धडधडते, जीभ मिरी खाल्ल्यासारखी चुरचुरते, जुलाब होतात. मग कायमचा बांगडा सुटतो. बऱ्याचदा ती माशांची ॲलर्जी नसते, हिस्टामिनची विषबाधा असते. बांगडा, सुरमई, कुपा आणि तारली यांच्या गडद मांसात मोकळं हिस्टिडिन भरपूर असतं. मासा उन्हात किंवा बर्फाशिवाय राहिला की त्याच्या कल्ल्यांतले आणि आतड्यांतले जीवाणू त्याचं हिस्टामिन करतात. आपल्या मास्ट पेशींचा यात काही संबंध नाही, रेणू थेट ताटातून येतो.

ओळखायची खूण अशी: त्रास खाल्ल्यापासून दहा मिनिटं ते दोन तासांत सुरू होतो, त्याच माशातलं खाणाऱ्या एकाहून जास्त जणांना होतो, आणि बहुधा दिवसभरात ओसरतो. सेट्रिझिन इथे चांगली उपयोगी पडते, कारण लक्षणं निव्वळ हिस्टामिनची असतात. धाप, चक्कर असेल किंवा हृदयरोग असेल तर रुग्णालय.

हे टाळायचं काम चुलीआधी संपतं. हिस्टामिन उष्णतेने मोडत नाही. तळा, भाजा, आंबट टाका, प्रेशर कुकरला लावा किंवा महिनाभर फ्रीझरमध्ये ठेवा, तयार झालेलं तसंच राहतं. वासावरूनही कळत नाही, कारण सडका वास येण्याआधीच ते साठू शकतं. माशात किलोमागे २०० मिग्रॅ ही मर्यादा आंतरराष्ट्रीय अन्नमानकांत आहे, आणि ती नाकाने मोजता येत नाही. म्हणून बर्फात पूर्ण गाडलेला मासाच घ्या, नुसता बर्फावर मांडलेला नको. घरी नेताना एक किलो माशाला एक किलो चुरा बर्फ असावा. पोहोचल्याबरोबर कल्ले आणि आतडी काढून धुवा, जीवाणूंचा मुख्य साठा तिथेच असतो. त्याच दिवशी रांधायचा नसेल तर ४ अंशांखाली ठेवा किंवा गोठवा. गोठवलेला मासा ओट्यावर नाही, फ्रिजच्या खालच्या खणात वितळवा. जीवाणूंनी मागे ठेवलेलं एन्झाइम गोठण्याने मरत नाही, मासा कोमट होताच ते पुन्हा कामाला लागतं. बाजारातून आल्यावर मासा पिशवीत तसाच ठेवून दोन तास दुसरी कामं केली तर पुढची सगळी काळजी वाया जाते.

क्षयरोगासाठी आयसोनियाझिड घेणाऱ्यांनी यावर विशेष लक्ष द्यावं. ते औषध डायअमिन ऑक्सिडेजला अडवतं, त्यामुळे इतरांना पचलेलं थोडं हिस्टामिनही त्यांना त्रास देतं. कुपा आणि जुनं मुरलेलं चीज खाऊन चेहरा लाल होणं, डोकेदुखी, धडधड अशी उदाहरणं नोंदलेली आहेत. औषध बंद करायचं नाही, उपचार संपेपर्यंत हे मासे टाळायचे.

सेरोटोनिनचा हिशेब वेगळा का

हिस्टामिनचा निरोप एन्झाइमने मोडून संपतो. सेरोटोनिन हा मेंदूत आणि आतड्यात काम करणारा दुसरा निरोप्या. त्याला मात्र सोडणारी पेशी पंपाने परत ओढून घेते. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात असतं. मेंदूतलं थोडंसं तिथेच तयार होतं, कारण रक्तातलं सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन किंवा फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळ्या हा परत ओढणारा पंप अडवतात. पंप पहिल्या दिवशीच अडतो, पण मेंदूतल्या रिसेप्टरांना जुळवून घ्यायला दोन ते चार आठवडे किंवा जास्त लागतात. म्हणून मन सावरायला वेळ आणि मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात: आतड्यात सेरोटोनिन आधी वाढतं. मळमळीमुळे पाचव्या दिवशी गोळी सोडणं ही इथली नेहमीची चूक. खाण्याबरोबर घेतली तर मळमळ कमी होते.

या गोळ्यांबरोबर ट्रमाडोल हे वेदनाशामक, लिनेझोलिड हे प्रतिजैविक किंवा खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन आलं तर सेरोटोनिन धोकादायक वाढू शकतं: थरथर, घाम, जुलाब, अस्वस्थपणा, पायांचे झटके, ताप. असं काही तासांत दिसू लागलं तर तातडीने रुग्णालयात जा. तिथे वापरलं जाणारं एक औषध सायप्रोहेप्टाडिन, म्हणजे मुलांना भूक लागावी म्हणून सर्रास दिलं जाणारं तेच सिरप. ते एच-१ आणि सेरोटोनिनचे काही रिसेप्टर दोन्ही अडवतं. त्याच कारणाने ते सुस्ती आणतं आणि वजन वाढवतं. भुकेसाठी ते टॉनिक म्हणून महिनोन्‌महिने चालू ठेवू नये.

ॲलर्जीची चाचणी करायला जाताना

त्वचेवर थेंब टाकून बारीक सुईने टोचण्याची चाचणी पंधरा ते वीस मिनिटांत वाचतात. पदार्थांच्या थेंबांबरोबर आणखी दोन थेंब असायलाच हवेत. एक मिठाच्या पाण्याचा आणि एक हिस्टामिनचा, बहुधा मिलीमध्ये १० मिग्रॅ ताकदीचा. पाण्याच्या जागेपेक्षा ३ मिमी किंवा जास्त मोठी गांध उठली तरच निकाल होकारार्थी धरतात.

हिस्टामिनची जागा सपाट राहिली तर चाचणी निरर्थक आहे, कारण रिसेप्टर औषधाने अडवलेला आहे. बाकीच्या सगळ्या जागा सपाट दिसल्या म्हणून ‘ॲलर्जी नाही’ असं लिहून दिलं तर ते मान्य करू नका, पुन्हा तारीख मागा. सेट्रिझिनसारख्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवाव्या लागतात. सर्दी-खोकल्याची मिश्रणं आणि झोपेसाठी दिलेल्या काही मनोविकाराच्या गोळ्याही एच-१ अडवतात, त्यांचीही यादी डॉक्टरांना द्या. मनोविकाराची गोळी स्वतःहून थांबवू नका. तिथे रक्तातलं आयजीई मोजण्याचा पर्याय आहे, आणि त्यावर कोणत्याही गोळीचा परिणाम होत नाही. स्टेरॉइडचं मलम त्या हाताला लावत असाल तर तेही सांगा.

ॲनाफिलॅक्सिसचा संशय असेल तर ट्रिप्टेज तपासायला सांगा. हिस्टामिन रक्तातून काही मिनिटांत नाहीसं होतं, पण त्याच पेशींतून सुटणारं ट्रिप्टेज तास-दोन तासांनी शिगेला असतं. पहिला नमुना चार तासांच्या आत आणि दुसरा सगळं शांत झाल्यावर, २४ तासांनंतर. दोन्ही आकडे शेजारी ठेवले तरच वाढ खरी की नाही ते कळतं.